आंधळं स्काउस

पाटी वर चढली तेव्हा आल्फ मॅडक समोरच्या फूटपाथवर उभा होता. तोंडातला पाइप केव्हाच विझला होता, पण त्याचं त्याला भान नव्हतं. निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, आणि तीही एवढी दांडगी की चष्मा घरी विसरलेल्या माणसानेसुद्धा वाचावीत: 'स्काउसर'. बस्स, एवढंच. ना मालकिणीचं नाव, ना 'चहा व जेवण'. लिव्हरपूलच्या भर स्कॉटलंड रोडवर, ऐन रहदारीत, पोटच्या पोरीने दारावर शिवी टांगली होती.

शिडीवर तिचा नवरा रॉनी होता, तोंडात खिळे धरून. खाली कॅथ कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून पाटी सरळ बसली का ते बघत होती. बाप दिसला तसा तिने हात केला.

"कशी दिसते, बाबा?"

आल्फ रस्ता ओलांडून आला. एका लॉरीवाल्याने त्याला हॉर्न मारला, त्याने लॉरीवाल्याकडे असं पाहिलं की तो पुढचा हॉर्न विसरला.

"काय लिहिलंय ते वाचता येतं ना तुला?"

"तुम्हीच शाळेत घातलं होतंत."

"मग उतरव ती."

रॉनी शिडीवर जागच्या जागी थिजला. सासऱ्याशी त्याचं फारसं बोलणं नव्हतंच. रॉनी पिव हा टेकडीवरच्या नेदरफील्ड रोडचा, म्हणजे प्रॉटेस्टंट, बारा जुलैला त्यांच्या जुन्या प्रॉटेस्टंट राजाच्या विजयदिनी नारिंगी पट्टा घालून ढोल बडवत जाणाऱ्यांतला. आणि मॅडक खालच्या रस्त्याचे, म्हणजे कॅथलिक, पोपचे. कॅथने त्याच्याशी सरकारी कचेरीत लग्न लावलं तेव्हा आल्फने फक्त "नारिंग्या" एवढंच म्हटलं होतं, आणि तेव्हापासून जावयाचं नाव तेच पडलं होतं.

"उतरवायला नाही लावली," कॅथ म्हणाली. "माझी खाणावळ, माझी पाटी."

"अगं, खायच्या वस्तूचं नाव माणसाला लावतात का कुणी? पातेल्यातल्याला म्हण स्काउस. शंभरदा म्हण. मी जन्मभर जहाजावर तेच रांधलंय. पण माणसाला? मला उद्या कुणी बटाटा म्हटलं तर चालेल तुला?"

"तुम्हाला बटाटा कोण म्हणणार? बटाटा शिजतो तरी."

शिडीवर रॉनीला हसू आलं आणि एक खिळा खाली पडला. आल्फने तो उचलला, जावयाच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाला, "ह्या पाटीखालून मी आत पाऊल टाकणार नाही. मेलो तरी नाही."

"मेल्यावर कशाला येताय? जिवंतपणी या. शुक्रवारी उघडतेय."

पण तो तोवर वळला होता. रागात असलेल्या माणसाला वार कुठला ऐकू येतोय. नाहीतर पुढचं रामायण तिथेच, शिडीखाली टळलं असतं.

एकोणीसशे चौसष्टचा तो वसंत म्हणजे आमच्या शहराला अंगावर मूठभर मांस चढल्याचे दिवस. आमची पोरं गिटारी घेऊन लंडनला गेली आणि तिकडच्यांना एकदम शोध लागला की मर्सी नदीच्या काठी माणसं राहतात. ज्या बोलण्यावरून जन्मभर मार खाल्ला ते बोलणं ऐकायला लोक पैसे मोजायला लागले. त्या आठवड्यात एम्लिनच्या पबात दुसरा विषय नव्हता.

"माझा भाचा लंडनला सुतारकामाला गेलाय," जेम कॉस्टिगन सांगत होता. जेम गोदीतून निवृत्त झालेला, पण आवाज अजून गोदीतलाच. "तिकडच्या पोरी त्याला म्हणतात, बोल ना काहीतरी. काय बोलू? काहीही बोल. मग हा म्हणतो, ती पक्कड दे. झालं, त्या खूश."

"हसतात ना त्याला?" आल्फने विचारलं.

"तसं हसत नाहीत रे, म्हाताऱ्या. फिरायला येतात त्याच्याबरोबर. परवा सिनेमाला गेली एक. तो पत्ता सांगताना छाती काढून सांगतो आता, मी स्काउसर."

"छाती काढायला काय, आत हवा असली की पुरे."

एम्लिन ग्लास पुसता पुसता मध्ये पडला. एम्लिन वेल्सचा, आणि वेल्सच्या बाहेर जगात काही निर्माण झालंय हे त्याला मान्य नव्हतं. "शब्द मुळात आमचा आहे. अँगल्सीला माझी आजी रोज करायची, लॉबस्गाउस."

"तुझी आजी नॉर्वेच्या खलाशांकडून शिकली," जेम म्हणाला. "कशी शिकली ते मी विचारत नाही."

पब हसला. एम्लिनने त्याचा ग्लास अर्धाच भरून दिला.

तेव्हा आल्फला राहवेना. बोलायचं नाही असं ठरवून आला होता, पण समोर कुणी स्वयंपाकाचं चुकीचं बोलायला लागलं की त्याच्या जिभेला मुंग्या यायच्या. "दोघंही गप्प बसा. मी हे बर्गनला खाल्लंय आणि हॅम्बर्गलाही खाल्लंय. हॅम्बर्गवाले वर तळलेलं अंडं घालतात, येड्यासारखं. जुने खलाशी लॉबस्काउस म्हणायचे. खारवलेलं मांस, कांदा, बटाटा नसेल तर जहाजावरचं दगडासारखं बिस्किट, सगळं एकत्र रटरटवायचं. ते गोदीवर उतरलं, गोदीवरून आपल्या चुलीवर आलं, आणि अर्धं नाव वाटेत गळून पडलं. तोवर काही वाईट नव्हतं. मग धर्मादाय रांगेत तेच वाढायला लागले. थाळी घेऊन उभी असलेली पोरं बघून वरच्या रस्त्यावरची पोरं ओरडायची, ए स्काउसर. तिथे तो शब्द पातेल्यातून उठला आणि आपल्या अंगावर येऊन बसला. मग जहाजांवर गेला, पलटणीत गेला. आता लंडनच्या पोरींना आवडतो म्हणून तुम्ही त्याचा बिल्ला करून छातीला लावणार?"

"हो," जेम म्हणाला. "का नाही लावायचा? आपल्याच अंगावर फेकलेला आहे. आता आपलाच झाला."

आल्फ उठला. ग्लास तसाच ठेवून तो बाहेर पडला. जेमला वाटलं, म्हातारा हरला. तसं नव्हतं. त्याला ह्यूई लार्किन आठवला होता.

जहाजावर नावं कुणी विचारत नाही. ग्लासगोचा असेल तो जॉक, वेल्सचा तो टॅफ, आणि लिव्हरपूलचा तो स्काउस. वर्षभर एका ताटात जेवाल, पण पलीकडच्याचं खरं नाव कळणार नाही. एकाच जहाजावर आमची दोन माणसं असली की एक मोठा स्काउस आणि एक छोटा. आल्फ मोठा. छोटा होता ह्यूई, व्हॉक्सहॉल रोडचा, भट्टीत कोळसा ओढायचा. बारीक अंगाचा, फार सुंदर शीळ घालायचा. अॅझोर्स बेटांच्या पुढे वाफेची नळी फुटली आणि ह्यूई गेला. त्याला कॅनव्हासमध्ये शिवलं, पायाशी लोखंड बांधलं आणि डेकवर फळीवर ठेवलं. कप्तान प्रार्थनेचं पुस्तक घेऊन उभा राहिला. नाव घ्यायची जागा आली तसा तो अडखळला. त्याने पहिल्या मेटकडे, आपल्या दुय्यम अधिकाऱ्याकडे, पाहिलं. मेटने खलाशांच्या मुकादमाकडे पाहिलं. नाव कागदावर होतं, पण कागद कपाटात. मुकादम हळूच म्हणाला, "छोटा स्काउस, साहेब." आणि कप्तानाने खरोखर तेच म्हटलं. आमचा बंधू स्काउस ह्याला आम्ही समुद्राच्या स्वाधीन करतो.

"ह्यूई लार्किन," आल्फ मागून ओरडला होता. "ह्यूई लार्किन त्याचं नाव, साहेब." पण फळी तोवर तिरकी झाली होती.

हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. ती गेली तेव्हाही मनातच होतं. पुढच्या प्रत्येक जहाजावर पहिल्या दिवशी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा, मी आल्फ मॅडक, आणि जो मला दुसरं काही म्हणेल त्याला जेवण मिळणार नाही. आचाऱ्याशी वाकडं कोण घेणार? त्याला सगळीकडे आल्फच म्हणायचे. त्याचा त्याला अभिमान होता आणि तो रास्त होता. जन्मभर झटून त्याने जो शब्द स्वतःवरून झटकून टाकला तो पोरीने हौसेने दारावर लावला, आणि वर विचारते, कशी दिसते.

शुक्रवारी दुपारी तो खिडकीत बसून चहा पीत होता तेव्हा शेजारच्या गिलहूलीबाई दार न वाजवता आत आल्या. गिलहूलीबाई दार वाजवत असत्या तर निम्म्या गल्लीला निम्म्या गल्लीची खबर कळली नसती.

"आल्फ, तुझ्या पोरीने मटण शिजवलंय."

"खाणावळ आहे. मग काय धुणं शिजवेल?"

"अरे, वार कोणता आज?"

आल्फने कप खाली ठेवला. शुक्रवार. पोपच्या लोकांना शुक्रवारी मांस वर्ज्य, हे आमच्या रस्त्यावरचं मांजरसुद्धा जाणतं. शुक्रवारी मासळीवाल्याच्या दारात रांग आणि खाटकाच्या दारात तो स्वतः उभा.

"तिला कळत नाही?"

"तिला कसं कळेल? टेकडीवर राहून विसरली, त्यांच्यासारखीच झाली. तिथे शुक्रवार काय नि सोमवार काय. जाहिरातीचे कागद नारिंग्याने छापून आणले, गोदीचा पगार शुक्रवारी होतो म्हणून. त्याने त्याच्या परीने अक्कल चालवली. दुपारी बारापासून उघडी आहे. माणसं येतात, दारात वास घेतात, छातीवर क्रूस काढतात आणि म्हणतात, उद्या येतो हं, पोरी. मी पण तेच म्हणून आले. तिचे टेकडीवरचे लोक खाली आपल्या रस्त्यावर येईनात, आणि आपले आत जाईनात. दोन मोठी पातेली भरलेली आहेत. आणि ती रडत नाहीये, आल्फ. रडली असती तर मी एवढ्या जिन्याने वर आले नसते."

आमच्या रस्त्याची एक खोड आहे. नवं दुकान पहिल्या दिवशी भरलं तर ते आपलं. पहिल्या दिवशी रिकामं राहिलं तर लोक त्याला नाव ठेवतात आणि ते नाव जन्मभर सुटत नाही. पोपच्या रस्त्यावर शुक्रवारी मटण विकणारी बाई, हे नाव कॅथला चिकटलं असतं तर महिनाभरात तिला पाटी उतरवावीच लागली असती. आल्फला हवी होती तशी. हा विचार त्याच्या मनात आला, नाही असं नाही. तो क्षणभर तिथे राहिलाही. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने टोपी घेतली.

"कुठे निघालास?"

"गोदी सुटायला अजून वेळ आहे. तुमच्याकडे जव असेल तर आणा. आणि लोणी. आणि बायकांना सांगा, घराघरातला कांदा पाठवा."

"तू त्या पाटीखालून जाणार नव्हतास ना?"

"पाटी पुढच्या दाराला आहे," आल्फ म्हणाला. "मी मागच्या बोळातून जातोय."

मागच्या दाराने तो आत आला तेव्हा कॅथ बटाट्याच्या पोत्यावर बसली होती. समोर शेगडीवर दोन पातेली मंद आचेवर होती आणि मेंढीच्या मानेच्या मटणाचा असा वास सुटला होता की आल्फलाही आवंढा गिळावा लागला. रॉनी भिंतीला टेकून उभा होता, उभ्या उभ्या शिक्षा झाल्यासारखा.

"चूक माझी आहे," रॉनी म्हणाला. "मी पगाराचा विचार केला, पोपचा नाही केला."

"नारिंग्या, तू पोपचा विचार केला असतास तर मला जास्त धक्का बसला असता. सुरी घे. बटाटे सोल."

कॅथने वर पाहिलं. "काय करताय?"

"आंधळं स्काउस."

ती ताडकन उभी राहिली. "नाही."

आंधळं स्काउस म्हणजे मांसाशिवायचं. पातेल्यात डोकावलं तर वर मांसाचा डोळा दिसत नाही म्हणून आंधळं. आमच्याकडे ते हौसेने कुणी करत नाही. गोदीवर रोज सकाळी माणसं कोंडवाड्यात उभी करायचे आणि मुकादम खांद्यावर हात ठेवून ज्याला निवडेल त्याला त्या दिवसाचं काम. ज्याच्या खांद्यावर हात पडला नाही त्याच्या घरी त्या रात्री आंधळं स्काउस. खिडकीतून वास आला की शेजाऱ्यांना कळायचं, आणि ते कळल्याचं दाखवायचे नाहीत.

"पहिल्याच दिवशी?" कॅथ म्हणाली. "माझ्या खाणावळीत पहिल्या दिवशी उपाशी घरचं खाणं वाढू? लोक काय म्हणतील? म्हणतील, पाटी बघा केवढी आणि पातेल्यात बघा काय."

"लोक शुक्रवारी खातील असं दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

"काही नाही."

"मग सोल."

ती सुरीला हात लावीना. "तुम्ही कशाला आलात? तुम्हाला तर हेच हवं होतं. पाटी उतरलेली हवी होती ना? थांबा आठ दिवस, आपोआप उतरेल."

"नाव नको होतं मला," आल्फ म्हणाला. "तू बुडायला नको होतीस."

आणि कांदे चिरता चिरता, तिच्याकडे न बघता, त्याने तिला ह्यूई लार्किनचं सांगितलं. शीळ सांगितली, नळी सांगितली, कप्तानाचं पुस्तक सांगितलं. कांद्याची सोय होती, त्यामुळे डोळ्यांचं काही वाटलं नाही. रॉनीची सुरी मध्येच थांबली.

"हे मला कधी सांगितलं नाहीत," कॅथ म्हणाली.

"तू कधी विचारलंस? तू पाटी लावलीस."

कॅथ आता बटाटे सोलायला लागली होती, भराभर, साल जाड काढत. मग ती म्हणाली, "मी चेस्टरला गेले होते, आठवतं? कपड्याच्या दुकानात नोकरीला."

"त्यांनी घेतलं नाही. जागा भरली होती."

"जागा रिकामी होती. बाईला मी आवडले होते. माझा कोट आवडला, हात आवडले. मग मी तोंड उघडलं. ती म्हणाली, स्काउसर आम्ही ठेवत नाही, गिऱ्हाईकं पळतात. मी स्टेशनवर बसून त्यांच्यासारखं बोलायची सवय करत होते, बाबा. एकटीच. गुड आफ्टरनून, मॅडम. गुड आफ्टरनून, मॅडम. शेजारचा हमाल बघायला लागला. तेव्हा मी ठरवलं, एक दिवस हाच शब्द माझ्या दारावर माझ्याएवढा मोठा लिहीन, आणि त्याखालून आत येईल त्यालाच जेवायला मिळेल."

आल्फ चिरायचा थांबला. पोरीला नोकरी नाकारली हे त्याला ठाऊक होतं. कशावरून ते आज कळत होतं. चेस्टरच्या त्या बाईला आत्ता समोर उभी केली असती तर त्याने तिला काय केलं असतं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण त्या रागाच्या खाली दुसरंही काही होतं. माझ्या घरात माझ्यासारखंच डोकं निघालं, असं त्याला वाटलं, आणि ते वाटून बरं वाटलं.

"साल पातळ काढ," तो म्हणाला. "अर्धा बटाटा टाकतेयस."

मग त्याने आईची तऱ्हा दाखवली. पोरीला कधी शिकवली नव्हती, कारण आपल्या घरी ह्याची गरज पडू नये अशी त्याची इच्छा होती. कांदा लोण्यात आधी नुसता लोळवायचा, घाई करायची नाही, तो तपकिरी झाला की चव तिथेच येते. बटाटे दोन खेपेला टाकायचे. पहिले इतके शिजवायचे की विरघळून रस्सा दाट होतो, दुसरे अख्खे राहिले पाहिजेत. गाजर, सलगम, मूठमूठ जव, पांढरी मिरी जरा हात सैल सोडून. शेवटी लाल कोबीच्या लोणच्याच्या बरणीतलं चमचाभर व्हिनेगर. मटणाची पळी ह्या पातेल्यात चुकूनही बुडवायची नाही, नाहीतर आपल्या चर्चच्या फादर गॅरिटीला वासावरून कळतं.

गिलहूलीबाईंनी एप्रनभर कांदे आणले, लोणी आणलं, आणि रस्त्यावर जाऊन जे करायचं ते केलं. म्हणजे दारात उभ्या राहिल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत राहिल्या, आल्फ मॅडक आत आहे, आंधळं करतोय, त्याच्या आईचं. पुढे काही सांगायची गरज नव्हती. त्याच्या आईचं आंधळं खाल्लेली माणसं अजून रस्त्यावर होती.

गोदी सुटली आणि माणसं आली. आधी जेम कॉस्टिगन, मग त्याच्या मागे टोपीवाल्यांची रांग. पहिल्या टेबलावर ताटल्या गेल्या. कॅथचा जीव टांगणीला लागला. म्हातारी माणसं खाली मान घालून खात होती. त्यांतल्या प्रत्येकाच्या खांद्यावर कधी ना कधी मुकादमाचा हात पडला नव्हता, आणि प्रत्येकाच्या घरी हे शिजलं होतं, आणि आजवर कुणी दुसऱ्यासमोर बसून ते खाल्लं नव्हतं. मग जेमने पावाने ताटली पुसली, ती वर उचलली आणि त्याच्या गोदीतल्या आवाजात म्हणाला, "माझ्या आईच्या हातचं ह्याच्या अर्धंही चांगलं नव्हतं. देव तिला शांती देवो. आणखी वाढ."

त्यानंतर कॅथला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. रॉनीने टेकडीवर आपल्या भावाला निरोप धाडला, फुकट मटण म्हटल्यावर तो चौघांना घेऊन खाली उतरला, आणि खिडकीजवळच्या टेबलावर नारिंगी मंडळी मटण आणि शेजारच्या टेबलावर पोपची मंडळी आंधळं, असं चित्र आमच्या रस्त्याने पहिल्यांदा पाहिलं. टोमणे चालू होते. एकाने दुसऱ्याच्या ताटलीत डोकावून विचारलं, पोपने बटाट्याला परवानगी दिली वाटतं. दुसरा म्हणाला, तुझ्या त्या जुन्या नारिंगी राजाने मेंढी मारली का स्वतः. पण उठून कुणी गेलं नाही.

कोपऱ्यात ग्लासगोच्या बोटीवरचे तिघे खलाशी बसले होते. वास घेत आत आलेले. त्यांना शुक्रवारशी कर्तव्य नव्हतं, त्यांनी दोन्ही खाल्लं. त्यांतला थोरला, लालसर मिशांचा, खुर्ची मागे ढकलून उठला आणि ज्याने रांधलं त्याला दोन शब्द सांगावेत म्हणून जहाजावरच्या सवयीने मोठ्याने हाक मारली.

"अरे, स्काउस!"

सगळी खोली वळली. जेम वळला, टोपीवाले वळले, लाल कोबीची बरणी घेतलेल्या गिलहूलीबाई वळल्या, खिडकीजवळची नारिंगी मंडळी वळली, रॉनी वळला, हातात पळी घेतलेली कॅथ वळली. आणि स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभा असलेला आल्फ मॅडकही वळला. वळल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण वळलो. जहाजावर त्या हाकेत कुणीच नसायचं. इथे सगळे होते.

खलाशी गोंधळला. "देवा. मला एकच हवा होता."

"मग नाव घेऊन बोलाव," जेम म्हणाला.

"नाव मला कुठे माहीत?"

"तोंड कशाला दिलंय? विचार."

खलाशाने टोपी काढली. बिचारा सभ्य माणूस होता, त्याने खरंच एका टेबलापासून सुरुवात केली. जेम कॉस्टिगन. पॅट्सी डुलिन. डॅन हॅलिगन आणि त्याचा भाऊ मार्टिन. गिलहूलीबाईंनी आपलं माहेरचं आडनावही सांगितलं. खिडकीपाशी पिव, पिव, आणखी एक पिव. प्रत्येकाने नाव खणखणीत सांगितलं आणि पाठोपाठ, कुणी शिकवलं नव्हतं तरी, तोच शब्द जोडला. डुलिन, स्काउसर. हॅलिगन, स्काउसर. पिवांच्या थोरल्यानेही सांगितलं, जरा खोकून. असं करत तो स्वयंपाकघराच्या दारापाशी आला.

"आणि तुमचं?"

आल्फने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. कॅथने पातेल्याकडे तोंड फिरवलं होतं, पण तिचा हात थांबला होता.

"आल्फ मॅडक," तो म्हणाला. ते तो नेहमी म्हणायचा तसंच, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. मग तो थांबला. "स्काउसर."

"काय म्हणालात, बाबा?" कॅथने पाठमोरी राहूनच विचारलं.

"कानात बोळे घातलेत का? स्काउसर म्हणालो. बाप स्काउसर, पोरगी स्काउसर, आणि हा नारिंग्या पण आता त्यातलाच. ह्या माणसाला आणखी एक ताटली दे. आंधळं दे, ते जास्त चांगलं झालंय."

कॅथने ताटली घेतली, पण वाढायच्या आधी तिला डोळे पुसावे लागले, आणि ह्या वेळी जवळपास कांदा नव्हता.